खालून पाहायचं झाड

ती बाहेर पडली होती भिंतीवरचं घड्याळ घ्यायला. आणि अडकली एका छपाईच्या दुकानाच्या काचेपाशी.

काचेपलीकडे एका लांबलचक यंत्रातून समुद्र बाहेर येत होता. आधी आकाश, मग क्षितिज, मग एकामागून एक लाटा. यंत्राचं डोकं सरसर इकडून तिकडे जायचं आणि दरवेळी पाणी थोडं वाढायचं. ती दार ढकलून आत कधी गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

"हे... कुठल्याही फोटोचं होतं?"

यंत्रापाशी उभ्या असलेल्या तरुणानं मान वळवली. डावा गाल त्यानं हाताखाली दाबून धरला होता. "फोटो चांगला असेल, तर होतं."

"आणि हा गाल कधीपासून सुजलाय?"

काउंटरमागून त्याच्या आत्यानं उत्तर दिलं, "आठवडा झाला! तोंडात चेंडू कोंबल्यासारखा हिंडतोय. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की ह्याच्या तोंडचं पाणी पळतं."

"मी दातांचीच डॉक्टर आहे," ती म्हणाली.

तो एक पाऊल मागे सरकला आणि आत्या पोट धरून हसली.

तिचा दवाखाना नवा होता. खुर्ची नवी, दिवा नवा, सगळं लख्ख. फक्त पेशंट टिकत नव्हते. खुर्चीत आडवे झाले, की त्यांचा धीर सुटायचा. कालच एक धिप्पाड ट्रकवाला "गाडी रस्त्यात उभी आहे" म्हणून जो उठला, तो परतलाच नाही. दुसऱ्या शहरात तिच्या थोरल्या भावाचं मोठं हॉस्पिटल होतं. दादानं बजावलं होतं, "हिवाळा संपेपर्यंत बघ. नाही जमलं तर मुकाट्यानं माझ्याकडे ये." तिला तर स्वतःचंच दार उघडायचं होतं रोज सकाळी. समोरच्या भिंतीवर काहीतरी असलं, तर लोकांचं मन रमेल, एवढीच आशा.

तिनं फोनमधला फोटो दाखवला. एका सुट्टीत झाडाखाली उताणी पडून काढलेला. नुसत्या फांद्या, पानं आणि मधून झिरपणारं ऊन.

तो पाहतच राहिला. गालावरचा हातही खाली आला.

"पाठवते तुम्हाला."

"तसा नका पाठवू. मेसेजमधून आला की फोटो आटतो, गरम पाण्यात धुतलेल्या स्वेटरसारखा. मूळचा द्या, फोनला केबल लावून घेतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं आधी नुसती एक पट्टी छापली, खऱ्या मापाची, पसंत पडते का बघायला. खिडकीपाशी उजेडात धरली. फोनवर तिच्या अंगठ्याएवढं दिसणारं पान आता तळहाताहून मोठं होतं. त्याच्या शिरा मोजता आल्या असत्या. आणि एका शिरेवरून एक मुंगी चालली होती, तोंडात पांढरा कण धरून.

"ही... तिथं होती?"

"होती की. फोननं पाहिली. तुम्ही ऊन पाहत होतात."

त्या दुपारी ती कितीतरी वेळ झाडाखाली पडली होती, आणि तिच्या डोक्यावर एवढं सगळं चाललेलं होतं! तिनं पट्टीवरून नजर उचलली. तो पट्टीकडे पाहतच नव्हता.

"रंग... बरा आलाय ना?" तो गडबडून म्हणाला.

"माझ्या चेहऱ्यावर?"

"कॅनव्हासवर!" त्याचे कान लाल झाले. आत्या उगाचच खोकली.

झाड भिंतीवर चढलं. माप तिनं स्वतः उभं राहून घेतलं होतं, त्यानं स्वतः उभं राहून टांगलं. दोघांनी दारात उभं राहून पाहिलं. खोलीत रान उतरल्यासारखं वाटलं. तो मात्र खुर्चीला लांबचा वळसा घालून गेला.

आणि तरीही पेशंट पळायचे थांबले नाहीत. एक शिक्षिका तर आडवी झाल्या झाल्या ढसाढसा रडली. दादाचा फोन आला, "तुझ्यासाठी खोली रिकामी करायला सांगू का?" तिनं फोन ठेवून दिला. ती तडक छपाईच्या दुकानात गेली.

"काही उपयोग नाही तुमच्या फोटोचा. मी जाणार बहुतेक. हे शहर सोडून."

त्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. "जाणार?"

मग त्यानं कात्री ठेवली आणि तिच्याआधी दवाखान्याकडे चालू लागला. खुर्चीपाशी आल्यावर त्याच्या कपाळावर घाम फुटला. त्यानं डोळे मिटले, बसला, पाठ टेकली. हळूच डोळे उघडले.

"डॉक्टर... झाड कुठंय?"

"समोर!"

"समोर माझे बूट आहेत. वर पांढरं छत. आणि तुमचा दिवा. मला पानसुद्धा दिसत नाही."

ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली. इतके दिवस आपण उभ्या माणसांसाठी झाड लावलं होतं! येणारं प्रत्येक माणूस तर आडवं होतं. दोघंही हसत सुटले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"झाडाचा फोटो खालून काढलात ना तुम्ही?" तो म्हणाला. "मग ते खालूनच बघायचं."

दुसऱ्या दिवशी झाडाची चौकट भिंतीवरून काढून छताला लावली. त्यानं शिडीवर उभं राहून स्क्रू पिळले, तिनं शिडी धरली. काम झाल्यावर तो खाली उतरला आणि न सांगता खुर्चीत आडवा झाला.

"पहिला पेशंट मी. दाढ काढा... माझा विचार बदलायच्या आत."

तिनं इंजेक्शन दिलं. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. पण नजर वर गेली, फांदीवरून फांदीवर फिरत राहिली आणि बोटं एक-एक करून सैल झाली. तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. भीती माणसाच्या अंगातून उतरताना दिसते, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"झालं. उठा."

तो उठला आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. "आता तुम्ही."

"मी? मी कधी बसलेच नाही इथं."

"तेच तर."

ती आडवी झाली. खोलीला छत राहिलं नव्हतं. फांद्यांपलीकडे फांद्या, पानांपलीकडे पानं, आणि त्यापलीकडे ऊन... सगळं तिच्यावर ओणवलेलं. ती किती लहान होती त्याखाली! आणि किती सुखरूप.

"जाऊ नका," शेजारून आवाज आला. ओठ बधिर होता, शब्द जड पडत होते. "दवाखाना चालो, न चालो. मला... तुम्ही हव्या आहात. रोज."

तिनं मान वळवली नाही. वरच पाहत राहिली. "अर्ध्या तोंडानं विचारताय इतकी मोठी गोष्ट?"

"बधिरपणा... उतरला की पुन्हा विचारतो."

"तोवर मला नाही धीर धरवत," ती म्हणाली, आणि हात लांबवून तिनं त्याची बोटं शोधली. "हो."