आज मृणाली घरी आहे

ठण्…

आतल्या खोलीत कुणीतरी स्टीलची वाटी फरशीवर ठेवली.

मृणाली उंबऱ्यातच थांबली. घर एकदम गप्प होतं. आत तिच्या पाच वर्षांच्या ओवीशिवाय कुणी नव्हतं. आणि ओवी तापाने पडलेली.

ही ऐकीव गोष्ट नाही. रोह्याला लागून असलेलं वरसे, सतरा ऑगस्ट १९९९, मंगळवार, दुपारचे साडेतीन. शेजारची बायजा अजून तिथेच राहते. विचारा तिला. सांगेल… नाहीतर दार लावून घेईल.

पण सुरुवात पेणला झाली होती.

मृणाली जूनपासून पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या मूर्ती मस्कतला जायच्या, न्यू जर्सीला जायच्या. वरच्या खोलीत बसून परदेशी गिऱ्हाइकांचे मेल बघायचे, हे तिचं काम. ज्या दिवशी खाली मूर्तींचे डोळे आखायचे, त्या दिवशी मात्र ऑफिस बंद. फोनची वायर भिंतीतून काढून ठेवायची. घंटा वाजून डोळे आखणाऱ्या दाजींचा हात हलला, की मूर्ती वाया गेली. म्हणून आदल्या संध्याकाळी मेल कंपनीच्या सर्व्हरवर एक उत्तर लावून ठेवायचं. मेल कुणाचाही येवो, ते तिथूनच आपोआप जायचं.

ही उत्तरं लिहायची रीत प्रतिक्षाची. मृणालीच्या आधी त्या खुर्चीवर ती बसायची.

"आज डोळ्यांची आखणी आहे," प्रतिक्षा लिहायची. "आखणारे दाजी आज कुणाशी बोलत नाहीत, म्हणून आम्हीही गप्प आहोत. उद्या बोलू. तोवर घरात कोणी आजारी असेल तर त्याच्याजवळ बसा. आणि आता कसं वाटतंय ते मला कळवा."

लोक खरंच कळवायचे. कुणी आईच्या गुडघ्याचं, कुणी बायकोच्या बाळंतपणाचं. ऑर्डर त्याखाली, दोन ओळींत.

एप्रिलमध्ये प्रतिक्षा गेली.

गिऱ्हाइकांना कुणी कळवलंच नाही.

"खाली नाव प्रतिक्षाचंच राहू दे," मालक हैबतराव मृणालीला पहिल्याच दिवशी म्हणाले. "गिऱ्हाईक त्या नावावर येतं. तुला कोण वळखतो?"

घरात कमावणारी ती एकटी. मुकाट्याने मेलेल्या बाईच्या नावाने लिहीत राहिली. लोक विचारायचे, प्रतिक्षा, तब्येत कशी आहे? बाळ झालं का?

बाळ?

तिने दाजींना विचारलं. ब्रश धुता धुता ते म्हणाले, "सातवा महिना व्हता. पाय हे असे सुजलेले. रजा मागितलीन, तर शेट बोलला, कंटेनर जाऊंदे. कंटेनर गेला. ती खुर्चीवरून उठली नाय. दोगंपन गेली गो."

जगभरच्या लोकांना आजाऱ्याजवळ बसा म्हणणारी बाई. तिला चार दिवस कुणी दिले नव्हते. त्या दिवसापासून हैबतरावांचा आवाज ऐकला तरी मृणालीच्या कानशिलात कळ यायची.

त्या मंगळवारी सकाळी ओवी तापली. एकशे एक.

मृणालीने नाक्यावरून कारखान्यात फोन लावला. लागेना. आखणीचा दिवस. वायर काढलेली.

न सांगता राहावं तर नोकरी जाणार. मग काय, रजा मागायला पेणला जायचं. ओवीला बायजाच्या हवाली करून ती निघाली.

"रजा?" हैबतराव दबक्या आवाजात म्हणाले, खाली आखणी चालू होती ना. "संध्याकाळी वायर जोडल्यावर मेल कोन बघंल? मी? बस वर."

म्हणजे दिवसभर बंद फोनसमोर नुसतं बसायचं. आणि तिकडे पोर फणफणलेली.

ती बसली. दात आवळून.

बरोबर एक वाजता…

मोडेम वाजायला लागला.

आधी टूं टूं. मग ती खरखर, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी.

मृणालीने भिंतीकडे पाहिलं. वायर टेबलावर होती. गुंडाळलेली, वर रबर लावलेलं.

स्क्रीनवर पाठवलेल्या मेलची यादी आपोआप वाढत होती. सात… बारा… एकोणीस… मजकूर सगळ्यांत एकच.

"आज मृणाली घरी आहे. तिच्या मुलीला ताप आहे, एकशे तीन. तिला बोलावू नका. प्रतिक्षा."

एकशे तीन?

सकाळी एकशे एक होता. आणि तो आकडासुद्धा तिने इथे कुणाला सांगितला नव्हता.

शेवटचा मेल हैबतरावांच्या नावे होता.

"मला रजा दिली नाहीत. हिला द्या."

आवाज ऐकून हैबतराव धावत वर आले. वाचलं. चेहरा लालबुंद. "वायर कोनी जोडली? आनि तिच्या नावानं मला लिहितेस? लाज नाय वाटत?"

"ते नाव मी नाही ठेवलं, तुम्ही ठेवलंत." आता मृणालीने आवाज दाबला नाही. "चार महिने मेलेल्या बाईकडून काम करून घेताय. आणि लाज मला? वायर बघा ती. हातात घेऊन बघा. मी चालले."

हैबतरावांनी वायर उचलली… आणि चटका बसल्यासारखी टाकली.

खाली दाजी ब्रश ठेवून उभे होते. आखणीच्या दिवशी ते बोलत नाहीत. त्यांनी नुसता दरवाजाकडे हात केला.

जा.

वडखळला एसटी अडकली. मृणाली अख्ख्या रस्त्याला मनात शिव्या घालत होती. हैबतरावांना, एसटीला, सगळ्यात जास्त स्वतःला.

वरशाला पोचली तर बायजा स्वतःच्या अंगणात तांदूळ निवडत बसलेली.

"ओवीला एकटी टाकलीस?" मृणाली ओरडलीच.

बायजाच्या हातातलं सूप हललं. "तू… भायेरून कशी आलीस? मघाशी एक वाजता आतून तूच बोललीस ना गो? मी हाय आता, तू जा म्हणून."

मृणाली धावली.

उंबऱ्यात आली, आणि तेव्हाच…

ठण्.

आतल्या खोलीत ओवी जागी होती. एकटी. कपाळावर पट्टी, नुकती पिळलेली. तिच्यातलं पाणी अजून कानामागे ओघळत होतं. उशाशी मिठाच्या पाण्याची वाटी. वाटीतलं पाणी हलत होतं. शेजारी थर्मामीटर.

पारा एकशे तीनवर.

मृणालीने लेकीच्या गळ्याला हात लावला. अंगाला घाम फुटला होता. ताप उतरत होता. ती तिथेच खाली बसली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.

"ती बाई म्हणाली, तुझी आई येईपर्यंत बसते," ओवी म्हणाली. "तिचे पाय केवढे सुजलेत. मी म्हटलं, तू पण घरी जा ना, झोप. तर म्हणाली, मला रजा नाही."

मृणालीने पट्टी उचलली.

ओवी दाराकडे बघत होती.

"आई… तिला रजा कोण देणार?"