गेशेचं नाव

कणसं सोलत राहा, पोरांनो, हात थांबवू नका. हे आपल्या आल्डाग पाळकसाहेबांच्या बाबतीत घडलं. त्यांनीच मला सांगितलं, आणि शेवटचं तर मी या डोळ्यांनी पाहिलं.

जर्मनीत शिकून ते थेट इथे अमेरिकेत, नेब्रास्काच्या माळावर आले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. आमच्यासारखेच माळाच्या गवताळ ढेकळांनी बांधलेल्या घरात राहायचे, पण नियम सगळे तिकडचे. प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या नावानं भाकरी नि द्राक्षारस, घ्यायचं तर शुक्रवारी त्यांच्याकडे जाऊन नाव लिहवायचं. जितकी नावं, तितक्याच भाकरीच्या चकत्या. आणि कुणाशी वैर असेल तर आधी ते मिटवायचं.

विधवा गेशे सख्ख्या भावाशी, ल्यूडरशी, विहिरीच्या भांडणावरून तीन वर्षं बोलत नव्हती. तिला क्षय झालेला. जानेवारीतल्या एका बुधवारी ती म्हणाली, "पाळकसाहेब, वसंत काही मी बघत नाही. एकदा प्रभुभोजन द्या."

"आधी भावाचा हात हातात घ्या, गेशेबाई."

"नऊ मैल चालू? या छातीनं?"

"देवाच्या मेजाशी भांडण घेऊन येता येत नाही."

ती निघाली. रात्रभर बर्फ पडला.

शुक्रवार, आठ जानेवारी १८७५. रात्री साडेआठला पाळकसाहेब वही मिटत होते. तेरा नावं झाली होती. दार वाजलं. गेशे!

"भावाकडे जाऊन आलात?"

"निघाले होते..."

"हात दिला त्यानं?"

तिनं वहीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "माझं नाव लिहा."

"आधी ल्यूडरला विचारतो. आत्ताच जातो. तुम्ही शेगडीजवळ बसा."

ती बसली. शेगडी लालभडक होती. तिच्या शालीवरचा बर्फ... वितळत नव्हता. पाळकसाहेबांनी ते पाहिलं. लेखणी हातातच होती. तरी नाव लिहिलं नाही.

"का हो, आजोबा?"

नियम, बाळा.

बर्फगाडी जोडून ते निघाले. चार मैलांवर घोडा थांबला. हाकला. हलेना. कंदील खाली धरला...

शाल.

गेशे. अंगावर दोन दिवसांचा बर्फ. लाकडासारखी ताठ. तोंड ल्यूडरच्या शेताकडे.

तिला गाडीत घालून ते तसेच ल्यूडरच्या दारात गेले. "एकदा हिचा हात धरा हो."

"जिवंतपणी धरला नसता. आता मेलीचा धरू?"

दार लागलं.

पाळकसाहेब घरी परतले तेव्हा शेगडीजवळची खुर्ची रिकामी होती.

चर्चची व्यवस्था तेव्हा माझ्याकडे होती; रविवारी ताट मी भरलं. तेरा चकत्या. त्यांनीही मोजल्या. तेरा जण गुडघ्यावर आले, तेराही जणांनी घेतली. ताटात... एक उरली.

"आजोबा, द्राक्षारस आधीच चाखला होतात वाटतं!"

हस, योस्ट, हस. मलाही वाटलं, आपणच चुकलो. उरलेली चकती पाळकानंच खायची असते. त्यांनी ती तोंडात घातली आणि त्यांचे दात वाजायला लागले. इतकी गार होती.

पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी वहीत स्वतः गेशेचं नाव लिहिलं. शेवटी, मोठ्या अक्षरांत. म्हणाले, "आता तरी येऊ दे तिला." जिवंत माणसं तेरा, चकत्या चौदा. त्यांनी मोजल्या. मी मोजल्या. योस्ट, तुझ्या सख्ख्या आजानंही मोजल्या.

तेरा जण घेऊन उठले. बायकांच्या बाजूला एक जागा मोकळी ठेवली होती. पाळकसाहेब तिथे थांबले. बराच वेळ. कुणीच आलं नाही...

मग त्यांनी ताटात पाहिलं.

दोन होत्या. तिची तिनं घेतली नव्हती, आणि आधी नाकारलेली ती परत आली होती.