मागची खोली, रिकामी

कारखान्याच्या कॉलनीत, पिपलानीतल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. जेवणं आटोपली होती. उदयने खुर्च्या बाहेर काढल्या, त्याच्या बायकोने, सुचेताने, बडीशेपेची डबी आणून ठेवली. शेजारचे वसंतकाका रोजच्यासारखे शतपावली करत आले आणि टेकले, तसं उदयने काम काढलं.

"काका, उद्या संध्याकाळी सहाला नव्या घराचा ताबा घ्यायचाय. साक्षीदार म्हणून तुमची सही हवी. एजंट म्हणाला, कोई बुजुर्ग हों तो अच्छा."

"येतो की. सहीला काय लागतं?" काका म्हणाले. पण बडीशेप त्यांनी तोंडात टाकली नाही, तळहातावर तशीच धरून ठेवली. "एजंट कसा आहे?"

"एकदम प्रोफेशनल. फाइल तयार, सगळं टनाटन. मला कुठे धावावं लागलं नाही."

"हो. चांगला एजंट असाच असतो." काकांनी वर दिव्याकडे पाहिलं. "दिवा मालव जरा, किडे येतायत. तुम्हाला एक हकीकत सांगतो. माझ्या ओळखीतल्या माणसाची आहे. भुताखेतावर तुमचा विश्वास नसेल, माझाही नव्हता."

उदयने दिवा मालवला.

प्रभाकर आर्वीकर म्हणून एक गृहस्थ होता. वर्धेकडचा. इथेच कारखान्यात इन्स्पेक्टर, म्हणजे तयार माल तपासणारा. चौतीस वर्षं हेच केलं. खिशात कायम लाल पेन्सिल. त्याचा नेम असा, की वस्तूला हात लावल्याशिवाय यादीवर बरोबरची खूण करायची नाही. मोठ्या साहेबाने डोळे वटारले तरी नाही. पोरं टिंगल करायची, आर्वीकरांनी लग्नातसुद्धा नवरी तपासून, खूण करूनच घरी आणली म्हणून. तोही हसायचा. साधा माणूस होता हो, वाईट नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

बायको कमलिनी. तिला दमा होता. चौतीस वर्षांत तीन क्वार्टर बदलले आणि दरवेळी सोडताना भिंतीतले खिळे मोजून दंड भरला. तिचं एकच म्हणणं, आता अशी भिंत हवी जिच्यात मी खिळा ठोकला तर कोणी विचारायला येणार नाही. निवृत्तीनंतर क्वार्टरला मिळालेली मुदत तीन जानेवारीला संपत होती. त्याआधी घर मिळालं नाही, तर दमेकरी बायकोला ऐन थंडीत घेऊन जायचं कुठे, ही त्याची विवंचना.

मग शिवहरे नावाचा एजंट भेटला. तोंडात पान नाही, बढाया नाहीत, गळ्यात टाय. सोनागिरीत घर दाखवलं. तीन खोल्या आणि मागे अंगणाकडे एक छोटी खोली. मालक इंदूरला. जुने कागद, कराच्या पावत्या, विजेचं बिल, सगळं शिवहरेने स्वतः पायपीट करून काढलं. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं त्याने. घर बाजारापेक्षा स्वस्त का, हे मात्र प्रभाकरने विचारलं नाही. शिवहरे म्हणाला, "साहब, आपकी जो शर्त हो, लिखकर दीजिए." प्रभाकरने क्वार्टरच्या सवयीने लिहून दिलं, घर पूर्ण रिकामं मिळावं.

एकतीस डिसेंबर दोन हजार चार. शुक्रवार. दुपारी रजिस्ट्री झाली. संध्याकाळी सात वाजता ताबा. सोबत प्रभाकरचा एक मित्र होता, साक्षीदार म्हणून. कॉलनीत कधी वीज जात नसे, पण सोनागिरी कॉलनीबाहेर, तिथे त्या दिवसांत रोज जायची. त्यामुळे शिवहरेने मेणबत्ती धरली होती. कार्बन घालून यादीच्या दोन प्रती केल्या होत्या. प्रभाकर एकेका वस्तूला हात लावत गेला. पंखे, नळ, कड्या, खिडक्यांच्या काचा. लाल खूण. लाल खूण. दोन्ही प्रतींवर.

मागच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. पितळेचं, मोठं.

"इसमें क्या है?"

"कुछ नहीं साहब. खाली ही समझिए."

आणि आतून दार वाजलं. तीनदा. जोरात नाही. पाहुणा वाजवतो तसं.

"कोण आहे? दार उघडता का हो? फार गारठा आहे इथं..."

मराठीत. स्वच्छ मराठीत.

प्रभाकर बघतच राहिला. शिवहरेने आवाजही चढवला नाही. "मालिक की चाची हैं, विमलबाई. आप ही की तरफ़ की हैं. जाने को तैयार नहीं, आपके सामने हंगामा करतीं. कल सुबह भतीजा इंदौर से आकर ले जाएगा. आप खाली लिख दीजिए. नहीं तो सुबह आकर देख लीजिएगा, पर पिछले महीने वाली पार्टी अब भी बैठी है, मालिक का मन पलट गया तो कोर्ट-कचहरी में दो साल गए."

आतून पुन्हा आवाज आला. "तुम्ही मराठी आहात ना? बोलणं ऐकलं मी. अहो, एक घोंगडं तरी द्या..."

शिवहरेला मराठी कळत नव्हती. त्या घरात ती बाई काय म्हणते, हे दोघांनाच कळत होतं. एक खरेदीदार, दुसरा साक्षीदार.

प्रभाकरने मित्राकडे पाहिलं. मित्राने मेणबत्तीकडे पाहिलं.

मग प्रभाकरने यादीवर लिहिलं, मागची खोली, रिकामी. समोर लाल खूण केली. उभ्या आयुष्यात हात न लावता केलेली ती एकच खूण. सह्या झाल्या. शिवहरेने एक प्रत प्रभाकरला दिली, एक साक्षीदाराला, आणि किल्ल्यांचा जुडगा प्रभाकरच्या हातात ठेवला. जुडग्यात त्या पितळी कुलपाचीही किल्ली होती. ही गोष्ट नीट ऐका. किल्ली त्याच्याकडे होती.

एक तारीख गेली. बरखेड्यातल्या त्याच्या क्वार्टरपासून ते घर स्कूटरने दहा मिनिटांवर. त्याने दोनदा स्कूटर बाहेर काढली आणि दोनदा आत ठेवली. पुतण्या आला असेल, म्हणाला. आपण मध्ये कशाला पडायचं, म्हणाला. पुतण्या आला नव्हता. शिवहरे नव्या वर्षाच्या सहलीला बायकापोरांना घेऊन पचमढीला गेला होता.

तीन तारखेला सामानाचा ट्रक घेऊन ही मंडळी पोचली. मागची खोली सताड उघडी, फिनाइलने धुतलेली. कुलूप खोलीबाहेरच्या खिडकीत काढून ठेवलेलं. प्रभाकरने विचारलं, त्या बाई? शिवहरे म्हणाला, "गुज़र गईं साहब. भतीजे ने दूसरी चाबी से खोलकर सब कर दिया." प्रभाकर धुतलेल्या फरशीकडे बघत राहिला. तेव्हा शिवहरेने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आप दिल पर मत लीजिए. आपने खुद लिखा है, कमरा खाली था. तो वो वहाँ थीं ही नहीं."

कमलिनीला कोणी काही सांगितलं नाही. तिने त्याच दिवशी बैठकीत खिळा ठोकला आणि देवीची तसबीर लावली. काय खूश होती बिचारी!

चौदा जानेवारी. संक्रांत. पुन्हा शुक्रवार. दिवसभर बायका वाणाला येऊन गेल्या. रात्री अकराला वीज गेली. जास्तीची पांघरुणं मागच्या खोलीतल्या ट्रंकेत होती, पण प्रभाकर त्या खोलीत पाऊल टाकत नसे. दोघं एकेक ब्लँकेट घेऊन झोपली.

सव्वादोनला त्याला जाग आली.

दार वाजलं. तीनदा. मागच्या खोलीचं.

तो पडून राहिला.

पुन्हा तीनदा.

"अहो..."

कमलिनीचा आवाज.

"अहो, दार अडकलंय. उघडता का? दुलई काढायला आले होते... फार गारठा आहे इथं..."

तो उठणार होता. खरंच उठणार होता. पण त्याने हात बाजूला नेला, तर शेजारी ती होती. ब्लँकेटमध्ये. डोक्यावरून पांघरूण घेऊन, भिंतीकडे तोंड करून. त्याने खांद्याला हात लावला. खांदा होता. पांघरुणाखालून हात आला आणि त्याने याचा हात धरला. गार. पण थंडीच तशी होती.

कमल इथे आहे. मग आत कोण? त्याला उत्तर ठाऊक होतं. पंधरा दिवस तो त्याचीच वाट बघत होता.

"अहो... श्वास... लागतोय..."

तो चाचपडत खिडकीपाशी गेला. पितळी कुलूप उचललं. दाराशी गेला. पलीकडे, हातभर अंतरावर, कोणीतरी धापा टाकत होतं.

"आलात? उघडा ना..."

त्याने कडी लावली.

कुलूप घातलं.

किल्ली फिरवली.

परत येऊन तो शेजारच्या बाईला बिलगून झोपला. "काही नाही कमल," म्हणाला, "झोप तू." ती काही बोलली नाही. हात मात्र सोडला नाही. आतून दार वाजत राहिलं. मग हळू वाजलं. मग नुसतं नखांनी... चारच्या सुमाराला थांबलं.

उजाडलं तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. गादीवर सुरकुती नव्हती. फडताळावर कमलिनीचा दम्याचा पंप होता, जिथे ती रोज ठेवायची तिथेच.

काका थांबले. लांब सिटी बस वळल्याचा आवाज आला आणि विरला.

"कुलूप त्यानेच उघडलं," काका म्हणाले. "दुलई तिच्या मांडीवर होती. दाराला टेकून बसली होती. डॉक्टरांनी दमा लिहिलं. दमाच होता. प्रभाकर आता अमरावतीला भावाकडे असतो. खोलीचं दार काढून टाकलंय त्याच्या. तरी रात्री विचारतो, कमल, तू आत आहेस की बाहेर."

सुचेताने पदर घट्ट ओढून घेतला होता. "काका, तुम्हाला हे इतकं बारीक कसं माहीत? ते दाराचं, त्या विमलबाईंचं बोलणं..."

"रात्रीचं प्रभाकरने सांगितलं, सगळं, एकदाच. आणि त्या संध्याकाळचं..." काकांचा आवाज खाली आला. "मेणबत्तीकडे बघणारा मी. मी म्हणालो असतो ना, उघड रे प्रभाकर, तर त्याने उघडलं असतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मला थंडी वाजत होती. मला घरी जायचं होतं."

सुचेताने खुर्ची उदयजवळ ओढली. काका पुढे सांगत राहिले.

"अजूनही मध्यरात्री जाग येते. शेजारी बायको असते, मालती. मी तिला हाक मारत नाही. आधी दिवा लावतो, तोंड बघतो."

त्यांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक घडीचा कागद काढला. "माझी प्रत. एकतीस तारखेला घरी आल्याबरोबर कपाटात ठेवली, किल्ली माझ्या कमरेला. कमलिनीला पोचवून आलो त्या संध्याकाळी पहिल्यांदा बाहेर काढली. लाव दिवा."

उदयने दिवा लावला. पिवळ्या पडलेल्या कागदावर ओळीने लाल खुणा होत्या, प्रभाकर आर्वीकरांच्या ठसठशीत हाताच्या. पंखे. नळ. कड्या. काचा. प्रत्येकापुढे एक.

शेवटच्या ओळीत, मागची खोली, रिकामी. तिथे दोन होत्या.

दुसरी बारीक होती, कापऱ्या हाताची. आणि आरशातल्यासारखी उलटी होती. उदयला आधी कळेना. मग काकांनी कागद उलटा केला आणि दिव्यासमोर धरला. तेव्हा ती खूण सरळ दिसली, कोणीतरी पलीकडच्या बाजूने केल्यासारखी.

"सही केली तेव्हा एकच होती. पाठ बघ," काका म्हणाले.

उदयने पाठीवरून बोट फिरवलं. पाठ कोरी होती.

"उद्या सहाला येतो मी," काका उठले. तळहातावरची बडीशेप त्यांनी डबीत परत ओतली. "त्या घरात खोल्या किती आहेत?"

उदयने सुचेताकडे पाहिलं. यादी त्याने वाचली होती. खोल्या मोजल्या नव्हत्या.