अकराव्या मिनिटाला थांबणारी गाडी

गॅरेजमध्ये मोजून एवढ्या वस्तू होत्या : दोन जागांची, बुटकी, निळी स्पोर्ट्स कार एक. पेट्रोल फिल्टरचे रिकामे खोके तीन. गाडीतून काढून टाकलेले, टाकीतलं पेट्रोल ओढणारे पंप दोन. भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेले पाने एकोणीस. मेणाच्या पॉलिशचे डबे चार, त्यांतले तीन संपलेले. खिळ्याला अडकवलेला काकांचा चष्मा एक.

"चष्मा कशाला लिहितेस?" चिमटाने विचारलं.

"सगळं मोजायचं म्हणजे सगळं," टिकटिक म्हणाली.

टिकटिक शेजारच्या घरातली. स्टॉपवॉचचं घड्याळ ती झोपतानाही काढत नसे. चिमटा आणि त्याची मोठी बहीण, म्हणजे ताई, दर सुट्टीत काकूकडे येत. काका नसलेली ही पहिलीच सुट्टी. अकरा वर्षं खपून त्यांनी ही जुनी गाडी सुट्या भागांतून उभी केली होती. दहा महिने हौसेने चालवली आणि हिवाळ्यात ते गेले.

ते गेल्यावर महिनाभरात गाडीही रुसली. सुरू व्हायची, झकास गुरगुरायची आणि थोड्या वेळाने गचके खाऊन बंद पडायची. गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी पंप बदलले, फिल्टर बदलले, कार्बोरेटर तीनदा उघडून धुतला. शेवटी त्यांनी हात टेकले. उद्या सकाळी दहाला सुट्या भागांचा व्यापारी येणार होता. तो गाडी खोलून, वेगवेगळ्या खोक्यांत भरून नेणार होता.

"तुमचे काका माणूस सोन्यासारखा," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "पण शेवटी हौशीच. पेट्रोल आणि हवा यांचं माप कार्बोरेटर ठरवतो. तो त्यांनी जुळवताना चुकवला."

"मग दहा महिने कशी चालली?" ताईने विचारलं.

"नशिबाने."

काकू दारातच उभी होती. हातात पिवळं फडकं होतं. तिने फडक्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. मग आत गेली.

"ऐकलं तिने," चिमटा पुटपुटला. "आता तिला आयुष्यभर वाटणार, की काकांनी अकरा वर्षं चुकीचंच काम केलं."

ताई मिस्त्रींकडे वळली. "आजचा दिवस आम्हाला द्या. तुम्ही फक्त गाडी सुरू करायची. आम्ही वेळ मोजतो."

"मोजून काय होणार बाळा? ताप मोजून ताप उतरतो का?"

"न मोजता दोन पंप बदलून तरी कुठे उतरला?" चिमटा म्हणाला. ताईने त्याला कोपर मारलं, पण मिस्त्री हसले आणि गाडीत बसले.

गाडी अंगणात आणली. टाकी काठोकाठ भरलेली होती. मिस्त्रींनी अॅक्सिलरेटरवर पाय ठेवला आणि टिकटिकने घड्याळ दाबलं. अकरा मिनिटं, पाच सेकंद. इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं.

मिस्त्री उतरले, टाकीचं झाकण फिरवून काढलं, आत लाकडी पट्टी बुडवली. "पेट्रोल तर आहे," ते म्हणाले. झाकण लावून त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. "बघा, थोडी विश्रांती मिळाली की शहाणी होते."

"विश्रांती एकच मिनिट झाली," टिकटिकने वहीत लिहिलं.

दुसऱ्या खेपेला अकरा मिनिटं, वीस सेकंद. मिस्त्री सवयीने पट्टी घेऊन उतरले, तशी ताई आडवी आली. "या वेळी झाकण उघडू नका. नुसतं सुरू करून बघा."

गाडी सुरू झाली नाही. पाच मिनिटांनी नाही, दहा मिनिटांनीही नाही. वीस मिनिटांनी कशीबशी लागली आणि चार मिनिटांत विझली.

तिघंही वहीवर वाकले. झाकण उघडलं तर गाडी एका मिनिटात बरी होत होती, नाही उघडलं तर हटून बसत होती.

"म्हणजे औषध पट्टीत नाही," ताई हळूच म्हणाली. "झाकण उघडण्यात आहे. मिस्त्रीकाका, आता उघडा. सगळे गप्प राहा."

झाकण सैल होताच बारीकसा आवाज आला. सूंऽऽ. हवा बाहेर येत नव्हती, आत ओढली जात होती.

"सरबताच्या बाटलीला तोंड घट्ट लावून ओढलं की बाटली चेपते, सरबत येत नाही," चिमटा म्हणाला. "तसंच ना?"

"तसंच. पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा टाकीत यायला हवी. नाहीतर पंप किती ओढणार?" ताईने झाकण उन्हात धरलं. मधोमध, नक्षीच्या आड, एक बारीक छिद्र होतं. त्यात पांढरं, कडक काहीतरी ठासून बसलं होतं. तिने टाचणीने ते उकरलं, नखावर घेतलं, वास घेतला.

तिघांनाही तो वास ओळखीचा होता. रोज सकाळी गॅरेजमधून तो घरभर यायचा. मेणाचं पॉलिश.

"काकू," चिमटा म्हणाला आणि थांबला.

काका गेल्यापासून काकू रोज गाडी पुसत होती. तिला चालवता येत नव्हती, पुसता येत होती. झाकण तर ती चार चार वेळा घासायची, कारण काकांचा हात तिथे रोज लागायचा.

"आपण छिद्रात कुंभारमाशीने घर केलं होतं असं सांगू," चिमटा म्हणाला. "तेवढं खोटं चालतं."

"आणि उद्या ती पुन्हा पॉलिश भरेल," टिकटिक म्हणाली.

ताई झाकण घेऊन स्वयंपाकघरात गेली. काकू खिडकीपाशी बसली होती. ताईने तिच्यासमोर झाकण ठेवलं, शेजारी तो पांढरा कण ठेवला आणि वहीतला एकेक आकडा वाचून दाखवला. मग म्हणाली, "काकांचं काहीच चुकलं नव्हतं काकू. कार्बोरेटर बरोबर आहे."

काकूने कण बोटावर घेतला.

"म्हणजे मीच तिचा श्वास कोंडला," ती म्हणाली. "माया करता करता."

"तुला कुणी सांगितलंच नव्हतं."

"ते सांगणार होते. पुसायचं कसं, तेही शिकवतो म्हणाले होते. राहून गेलं." तिने पदराने डोळे टिपले. ते अजून ओलेच होते, तरी ती उठली आणि व्यापाऱ्याला फोन लावला. "उद्या येऊ नका. गाडी सुटी करायची नाही."

मिस्त्री दारात अवघडून उभे होते. "वहिनी, मी तीनदा कार्बोरेटर उघडला. झाकण रोज हातात घेत होतो, पण बघितलं नाही. त्यांच्या कामाला नावं ठेवली, ती मी परत घेतो." मग पोरांकडे वळले. "तुम्ही तिघं खरे मिस्त्री. वही जपून ठेवा."

"मला एकदा बसायचंय तिच्यात," काकू म्हणाली. "ते नसताना बसलेच नाही."

मिस्त्रींनी गाडी चालवली. काकू शेजारी बसली, मांडीवर टिकटिकचं घड्याळ. गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. तिघं फाटकाच्या पायरीवर बसून राहिले. घड्याळ नव्हतं, म्हणून टिकटिकने अकरा मिनिटं मनातच मोजली आणि मग वळणाकडे बघितलं.

गाडी परत आली तेव्हा काकूचे डोळे लाल होते. तिने घड्याळ टिकटिकच्या हातात दिलं आणि मीटरवरचा आकडा स्वतः वाचून दाखवला. टिकटिकने वहीत लिहिलं :

अंतर एकतीस किलोमीटर. वेळ बेचाळीस मिनिटं, दहा सेकंद. इंजिन बंद पडलं : शून्य वेळा.