सहाच्या दिशेला

जहराच्या दवाखान्यात एक्स-रेच्या फिल्म पोचवायच्या, सही घ्यायची आणि परतायचं, एवढंच काम होतं. परतताना मात्र दिनकर म्हणाला, "शत्रुघ्न, खाडीच्या फाट्यावर जरा थांबव."

शत्रुघ्न हॉस्पिटलची गाडी चालवायचा. बीडचा, तोंडाचा फटकळ. "तिकडं काय ठिवलंय सर? सुरुंग हायत म्हणतेत तिथं."

"एका माणसाची चौकशी करायचीय."

एक्क्याण्णवचा मे महिना. आखाती युद्ध संपल्यावर दिनकर हॉस्पिटलच्या नोकरीवर परत आला होता. दुपारचे बारा वाजले होते, पण वारा फिरल्यापासून जळत्या तेलविहिरींच्या धुरानं सूर्य पार गिळला होता. दिवे लावून गाड्या चालल्या होत्या. हवेला विझलेल्या स्टोव्हचा वास. दिनकरच्या खिशात हर्णैहून आलेलं नूरीचं पत्र होतं. 'भाईजान, तुमच्या गाडीतून निघतो, असा निरोप त्यांनी गावच्या माणसाबरोबर धाडला होता. तुम्ही पोचलात. ते कुठे राहिले?' महिनाभर तो ते तसंच घेऊन फिरत होता.

नूरीचा नवरा तौफीक. आठवडाभर मच्छीच्या दुकानात राबायचा आणि शुक्रवारी हौशी लोकांना उथळ खाडीत गळ टाकायला न्यायचा. एका परदेशी डॉक्टरनं जाताना दिनकरला पिसांचा खोटा किडा बांधायची गळाची काठी दिली होती, तेव्हापासून दिनकर वेडच लागल्यासारखा दर शुक्रवारी तौफीकच्या नावेत. दिनकर नावेच्या पुढच्या टोकाला, तौफीक मागच्या टोकाला बांबूनं नाव ढकलत. गुडघाभर पाण्यात शीम मासे चरायला आले की त्यांच्या शेपट्या वर दिसत, आणि तौफीकला त्या नेमक्या आधी दिसत. मग तो नावेच्या कडेवर बांबू दोनदा वाजवायचा. टक, टक. म्हणजे जागचं हलायचं नाही. पुढं दिशा सांगायची ती घड्याळाच्या आकड्यांनी. नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन. "सायब, धाला. वीस हात."

सहा मात्र त्यानं कधी पुकारला नाही. "सहा म्हंजे तुमच्या पाठीमागं. तिथं मीच उभा," म्हणून हसायचा.

इराकी फौजा शिरल्या तेव्हा तौफीकचा कफील, म्हणजे त्याला कामाला आणणारा मालक, त्याच्या पासपोर्टासकट पळून गेला. दिनकर आपण होऊन म्हणाला, "शुक्रवारी पहाटे नावेपाशी थांब. आमच्या गाडीत मागची सीट तुझी." शब्द द्यायला काय जातं? शुक्रवारी गाडी या फाट्याशी आली तेव्हा प्रेमा, त्याची बायको, म्हणाली, "अहो, तौफीकभाईंना घ्यायचंय ना?" कागद नसलेला माणूस नाक्यावर सापडला तर आपलं काय, या भीतीनं दिनकरनं गाडी थांबवली नाही. त्यानं काच वर केली. मागची सीट बसऱ्यापर्यंत रिकामीच गेली.

आता तो ओहोटीच्या चिखलात उतरला. दहा पावलांवर धुरात काही दिसेना.

टक, टक.

सवयीनं त्याचा पाय तसाच अधांतरी थांबला. खाली वाकून पाहिलं, तर पावलाखाली चिखलातून थाळीएवढी लोखंडी चकती वर आलेली. सुरुंगच. त्यानं पाय हळूच मागं घेतला.

"सायब… धाला. वीस हात."

आवाज हळू होता, शेपट्या दिसल्यावर असायचा तसा. दिनकर दहाच्या दिशेला वीस हात चालला. "येकला… पंधरा हात." तोही चालला. मग थांबला तो नावेपाशीच.

नाव मधोमध फुटली होती. तिच्याखालच्या चिखलात काळा खड्डा. कडेला दोरीनं करकचून बांधलेली पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव. निघायची सगळी तयारी करून तो इथं थांबला होता. किती दिवस थांबला, कोण सांगणार?

दिनकर ट्रंकेवर डोकं टेकून ढसाढसा रडला. "मी इथूनच गेलो रे… जागा होती… मीच थांबलो नाही."

पाणी चढू लागलं. तो वळला आणि गाडीच्या दिव्यांवर नजर ठेवून आपल्याच पावलांच्या खुणांवर पाय देत निघाला.

टक, टक.

"सहाला, सायब…"

दिनकरनं मागं पाहिलं नाही. त्याचं धाडसच झालं नाही. मागं चिखलातून पाय उपसल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत राहिला.

तो पुढच्या सीटवर बसला, दार ओढून घेतलं. शत्रुघ्ननं गाडी सुरू केली नाही. क्षणभरानं मागचं दार उघडल्याचा आणि हळूच लागल्याचा आवाज झाला. गाडीत खाऱ्या चिखलाचा वास भरला.

"भेटले वाटतं," शत्रुघ्न आरशात बघत म्हणाला. "पार भिजलेत की बिचारे. यांना कुठं सोडायचं, सर?"

दिनकरनं खिशातून नूरीचं पत्र काढलं. मग त्यानं त्यावरचा पत्ता मोठ्यानं वाचला. "मुक्काम पोस्ट हर्णै, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी."

मागच्या सीटवर कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.