मापापुरता माणूस

"अहो, पिवळं हेल्मेट! जरा बाजूला व्हा, फोटोत येताय!"

तिसऱ्या मजल्यावरच्या गोल खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलेल्या माणसाने खाली पाहिलं. रस्त्यापलीकडे ट्रायपॉडमागे एक मुलगी दोन्ही हात हलवत उभी होती. त्यानेही मोठ्या आपुलकीने हात हलवला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नमस्कार नकोय मला! बाजूला व्हा!"

"दहा मिनिटं! भेग मोजतोय!"

"भेग काय पळून जाणार आहे? इथे माझं ऊन पळतंय!"

वरचा माणूस हसला. ते हसू तीन मजले उतरून खाली पोचलं, आणि ती इतकी चिडली की कॅमेऱ्याचं झाकण न काढताच तिने एक फोटो घेऊन टाकला.

इमारत होती जुन्या टेलिफोन केंद्राची. आतली यंत्रं कधीच भंगारात गेली होती. उरल्या होत्या त्या गोल खिडक्या, गोल जिना आणि चार भिंतींवर पसरलेल्या भेगा. ती पाडायची की दुरुस्त करायची, हे नगरपालिकेला ठरवायचं होतं. त्यासाठी दुसऱ्या गावाहून हा इंजिनिअर दोन आठवड्यांसाठी आला होता. प्रत्येक भेगेशेजारी तो लाल खडूने बाण काढून आकडा लिहायचा; वेगळी वही नव्हती, फोटो हीच नोंद. तिने प्रत्येक भिंतीचे दोन प्रकारचे फोटो घ्यायचे होते, रंगीत त्याच्या अहवालाला जोडायला आणि कृष्णधवल पालिकेच्या संग्रहासाठी. म्हणजे भांडण करून भागणार नव्हतं. रोजची गाठ होती.

दुसऱ्या दिवशी तिने त्याचं नाव 'भेगावाले' ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याला ते आवडायला लागलं.

"तुम्ही रंगीत फोटो असे घेता, जसं कुणी कडू औषध पितंय," तो एकदा जिन्यावर बसून म्हणाला.

"रंगीत फोटोत लोक रंग बघतात. इमारत कुणी बघत नाही."

"आणि तुमच्या काळ्या-पांढऱ्यात ओलीचा डाग आणि गंजाचा डाग सारखाच दिसतो. मला कसं कळायचं, आतलं लोखंड कुठे गंजलंय ते?"

"सारखं काय हो भेगा, ओल, गंज! चांगलं काही दिसतच नाही का तुम्हाला?"

"दिसतं की..." तो म्हणाला, आणि मोजपट्टी गुंडाळण्यात एकदम गढून गेला. ती चांगली चार वेळा गुंडाळून झाली तरी त्याचं काम काही संपेना.

तिचे बाबा चाळीस वर्षांपासूनचे फोटोग्राफर. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत ते अजूनही स्वतः फिल्म धूत. पहिल्या आठवड्याचे फोटो वाळत टाकताना त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हा कोण?"

"मापापुरता माणूस आहे, बाबा. शेजारी माणूस उभा असला की दाराची उंची कळते. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं. पण एका इमारतीला एक माणूस पुरतो गं. तू अठरा फोटोंत उभा केलायस. आणि या फोटोत तर दारच नाहीये!"

ती कानापर्यंत लाल झाली. त्या खोलीत दिवाही लालच होता म्हणून निभावलं.

आवडला होता तो तिला. उगाच आढेवेढे कशाला घ्या? भेगेवर बोटं ठेवून डोळे मिटून उभा राहायची त्याची सवय आवडली होती, तिने हाक मारली की आधी हेल्मेट सरळ करायची धडपडही आवडली होती. शनिवारी तो परत जाणार होता. त्याआधी काहीतरी बोलायला हवं, एवढं तिला कळत होतं. काय बोलायचं, ते मात्र कळत नव्हतं.

बुधवारी तो बांबूच्या परांचीवर उभा राहून पूर्वेच्या भिंतीवरच्या उरलेल्या खुणा दिवसभर करत होता. संध्याकाळी तो उतरला आणि तिने कॅमेरा लावला. भिंतीमागे ढगांची अशी काही रास उभी राहिली होती की तिला राहवेना. आभाळ गडद उठावं म्हणून तिने भिंगावर लाल फिल्टर चढवला आणि अख्खा रोल त्या एका भिंतीवर संपवला. उजेड गेला. 'रंगीत उद्या घेऊ,' असं म्हणून ती घरी गेली.

पहाटे पाऊस आला. मोठा नव्हता, पण खडू धुवायला पुरेसा होता.

सकाळी भिंत कोरी करकरीत बघून ती आधी घाबरली, मग धावत दुकानात गेली. फिल्म तर आहे! धुऊन, छापून तिने कागद उजेडात धरला. आभाळ अप्रतिम आलं होतं. भिंत अप्रतिम आली होती. तिच्यावर एकही बाण नव्हता, एकही आकडा नव्हता. लाल फिल्टरमधून लाल रंग फिकट होतो, फिक्या भिंतीवर तर मिसळूनच जातो. हे तिला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. आणि काल त्या ढगांपायी ती ते साफ विसरली होती.

ती केंद्रावर पोचली तेव्हा तो फोनवर बोलत होता. "हो साहेब, चुकलं. पावसाने खडू गेला. पूर्वेची भिंत परत करावी लागेल... चार दिवस जास्त... हो, समजलं."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. तिचं नाव त्याने घेतलं नाही.

"चूक माझी होती," फोन ठेवल्यावर ती म्हणाली. "फोटो घेतलेत मी, पण लाल फिल्टर लावून. काही दिसत नाही त्यात. रंगीत कालच घ्यायला हवे होते. तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"खडू पावसानेच गेला ना? खोटं काय बोललो?"

"रागवा तरी माझ्यावर!"

"बघू तो फोटो." त्याने कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. "दहा दिवस या भिंतीला नाक लावून उभा आहे मी. ही इतकी देखणी आहे, मला माहीतच नव्हतं."

आता मात्र तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो इतका गडबडला की खिशातून रुमाल म्हणून त्याने तिला खडू पुसायचं फडकं दिलं. तिने ते डोळ्यांना लावलं, गालभर लाल झाली, आणि दोघंही हसत सुटले.

मग पुढच्या बुधवारपर्यंत ती रोज परांचीवर त्याच्या शेजारी उभी राहिली. ती पट्टीचं टोक धरायची, तो आकडा सांगायचा, ती वहीत लिहायची. प्रत्येक खुणेचा लगेच रंगीत फोटो. पट्टी हातात देताना बोटांना बोटं लागायची, आणि तो हमखास चुकीचा आकडा सांगायचा.

"अडीच मिलिमीटर."

"मघाशी दोन म्हणालात."

"...दोनच."

बुधवारी दुपारी भिंत पूर्ण झाली. संध्याकाळची त्याची गाडी होती. सामान आवरायचं सोडून तो जिन्याखालच्या एका भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवत बसला होता.

"हे काय?"

"भेग वाढली की काच तडकते. दर महिन्याला येऊन बघावं लागेल."

"तुम्हालाच?"

"हो... म्हणजे... तसं कुणीही बघू शकतं. शिपाईसुद्धा."

"मग?"

त्याने हेल्मेट सरळ केलं. हेल्मेट मुळात सरळच होतं.

"खरं सांगू? ही भेग चाळीस वर्षांत हललेली नाही. काच लावायची गरजच नव्हती. पण मला परत यायला काहीतरी कारण तर हवं ना? नुसतं येतो म्हणालो असतो तर तुम्ही विचारलं असतं, कशाला."

आठवडाभर जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं ऐन वेळी दगा देऊन गेली.

"कारण कशाला लागतं?" ती म्हणाली. "नुसता ये ना."

तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. इतके दिवस भांडतानासुद्धा दोघांनी अहो-जाहो सोडलं नव्हतं.

"काय म्हणालात?" त्याने अगदी हळू विचारलं.

"ऐकलंत तुम्ही."

"नाही. परत म्हणा."

तिने एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा काचेकडे. मग सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"ये," ती म्हणाली. "महिना कशाला, या रविवारीच ये."

"येतो." तो म्हणाला. "तू येशील ना स्टेशनवर घ्यायला?"