दुरुस्तीला नेलेलं मशीन

"मिस्त्री आहेत का?" असं कुणीतरी विचारलं तेव्हा मी कमरेपर्यंत एका पाण्याच्या टाकीत शिरलेली होते. बाहेरून फक्त माझे पाय दिसत असणार.

"आहे. बोला!" मी आतूनच ओरडले.

"नाही... म्हणजे मोठे मिस्त्री..."

हा प्रश्न मला दिवसातून चारदा ऐकावा लागतो आणि चारही वेळा डोक्यात तिडीक जाते. मी टाकीतून बाहेर आले, वेल्डिंगची काच कपाळावर सरकवली आणि म्हटलं, "मोठे मिस्त्री म्हणजे माझे बाबा. ते तिथे खाटेवर आहेत. हात थरथरतात म्हणून आता ते फक्त चुका काढतात. काम मी करते. काय मोडलंय?"

बाहेर भुरभुर पाऊस होता. दारात उभ्या असलेल्या तरुणाचे केस चिंब भिजलेले, पण छातीशी धरलेलं शालीतलं गाठोडं मात्र कोरडं होतं. खोटं कशाला बोलू, तो मला तिथेच आवडला.

"महोत्सवासाठी आलोय," तो म्हणाला. गावाबाहेरच्या शेतात भंगारातल्या शिल्पांचा महोत्सव भरणार होता. आठ कलाकार, आठ शिल्पं, आणि त्यातलं एक निवडून शहरातल्या नव्या वाचनालयासमोर कायमचं उभं करणार होते. "टेम्पोतून उतरवताना माझा हात सुटला... आणि हे असं झालं."

त्यानं शाल उघडली. आत शिलाईचं जुनं मशीन होतं. काळंभोर, अंगावर सोनेरी फुलं, आणि मान मुळापाशी तडकून वेगळी झालेली.

"बीड आहे ते, ओतीव लोखंड," बाबा खाटेवरूनच म्हणाले. "घाई केलीस तर इथे जुळेल आणि तिथे तडकेल."

"चालायला नकोय," तो घाईघाईनं म्हणाला. "फक्त उभं राहिलं पाहिजे. परवा उद्घाटन आहे."

"चालायला नको? मग दुरुस्ती कसली ती?"

"शिल्पात बसवायचंय. एक बाई शिवत बसलीय. साखळ्या, नांगराचे फाळ, ट्रॅक्टरची स्प्रिंग... आणि तिच्या हाताखाली हे. सात वर्षांत मला आलेलं हे पहिलं बोलावणं आहे हो."

मी मशीन उलटंसुलटं करून पाहिलं. "सांधा पितळेनं भरता येईल. पण आधी सगळंच निखाऱ्यांवर तापवावं लागेल. ही फुलं जळून जातील."

तो अंगठ्यानं एका फुलाची पाकळी पुसत राहिला. भंगारातल्या फुलांसाठी कुणाचं तोंड असं एवढंसं होत नाही. माझ्या ते लक्षात आलं, पण मी विचारलं नाही.

"जाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "करा."

दुपारभर आम्ही दोघं भट्टीशी होतो. तो निखाऱ्यांना वारा घालत होता, मी ज्योत धरून पितळेची कांडी वितळवत होते. एकदाही त्यानं "झालं का?" असं विचारलं नाही. मग ते लालबुंद मशीन मी राखेच्या पेटीत पुरलं आणि सांगितलं, "उद्या दुपारपर्यंत हात लावायचा नाही. उघडून बघायचंसुद्धा नाही. हळूहळूच गार झालं पाहिजे."

"मी इथे बसलो तर चालेल?"

"बसा. पण बसून काही उपयोग नाही."

"उपयोगासाठी नाही बसणार..."

बाबांना नेमका तेव्हाच खोकला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो हजर. माझ्या डब्यांतले नट-बोल्ट मापानुसार वेगळे करत बसला, तेही धड नाहीच.

"तुमच्या डोळ्यांभोवती काजळी आहे," तो मान वर न करता म्हणाला. "पुसू नका."

"पुसायला वेळ कुणाला आहे?" मी म्हटलं. पण जरा वेळानं आत जाऊन आरशात पाहून आले... आणि पुसली नाही.

चहा पिताना मी सहज विचारलं, "हे मशीन कुठे मिळालं तुम्हाला? इतकं जपलेलं मशीन भंगारात येत नाही."

त्यानं कप खाली ठेवला. "आईचं आहे."

"अरेरे. कधी गेल्या?"

"नाही... आहे ती. घरी आहे. तिला आता फारसं दिसत नाही. मशीन नुसतंच पडून होतं. मला वाटलं, शिल्पात ते शोभेल, तिलाही बघून आनंद होईल. पण मागायची हिंमत झाली नाही. म्हणून... दुरुस्तीला नेतो म्हणालो."

"आणि?"

"आणि आता ती शेजारीपाजारी सांगत सुटलीय, माझा मुलगा माझं मशीन नीट करून आणतोय म्हणून. रोज फोनवर विचारते, झालं का? मी म्हणतो, होतंय."

मला इतका राग आला, इतका की शेजारची पक्कड उचलून मी टेबलावर आपटली.

"आमच्या या दुकानात तीस वर्षं लोक वस्तू टाकून जातात. पावती नाही, काही नाही. दुरुस्तीला दिली म्हणजे परत येणार, एवढाच काय तो विश्वास. आणि तुम्ही सख्ख्या आईला तेच सांगून तिचं मशीन खिळे ठोकून उभं करणार? कायमचं? वाचनालयासमोर?"

"मिस्त्री, ऐका तरी..."

"ऐकलं. आता तुम्ही ऐका. दुरुस्तीला म्हणून निघालेलं मशीन माझ्या हातून शोभेची वस्तू होऊन जाणार नाही. मी ते चालू करून देणार. पुढे कुठे न्यायचं ते तुम्ही ठरवा."

तो उठला. तसाच पावसात निघून गेला. बाबा म्हणाले, "जरा जास्तच बोललीस." मी म्हटलं, "हो." खरं सांगायचं तर कुणा परक्यानं असं केलं असतं तर मी गपचूप काम करून मोकळी झाले असते. हा आवडला होता, म्हणून तर एवढं लागलं.

दुपारी राख उकरली. कुठेही तडा नव्हता. मानेच्या मुळाशी पितळेची पिवळी रेघ तेवढी, आणि फुलं गेलेली. सुई लावून हातचाक फिरवलं तर टोक खालच्या पट्टीवर आपटायला लागलं. मान केसभर कलली होती. खाली पातळ पत्र्याचा तुकडा सरकवला, काढला, घासला, पुन्हा सरकवला... आठव्या खेपेला सुई भोकातून अलगद खाली गेली. माझ्या जुन्या ओढणीवर सरळ टाक्यांची ओळ उमटली तेव्हा मला रडूच आलं. तो काही मशीन न्यायला आला नाही.

उद्घाटनाच्या सकाळी त्याचा फोन आला. "मशीन झालं असेल तर... शेतात घेऊन याल? दुपारच्या बसनं आई येतेय."

त्यानं काय ठरवलंय ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रिक्षात मशीन मांडीवर घेऊन गेले.

शेतात गर्दी होती. उंच मानेच्या लोखंडी घोड्याच्या शिल्पाभोवती लोक फोटो काढत होते. त्याचं शिल्प एका कडेला होतं. लोखंडाची बाई वाकून बसलेली, दोन्ही हात पुढे, आणि हाताखाली काहीच नाही. चौथरा मोकळा. मी आणलेलं मशीन तिथे ठेवायला तो पुढे आला नाही, म्हणून मी ते शेजारच्या खुर्चीवर ठेवलं.

"ही काय करतेय?" एकानं विचारलं.

"टाईप करतेय वाटतं," दुसरा म्हणाला, आणि दोघं हसत पुढे गेले.

तो सगळं ऐकत उभा होता. मला त्या दोघांना धरून हाणावंसं वाटलं.

त्याची आई आली. बारीकशी बाई, जाड भिंगांचा चष्मा, हातात पिशवी. मशीन दिसताच तिनं पिशवी खाली टाकली आणि हातचाक फिरवलं. सुई खालीवर झाली.

"केलंस की रे नीट!" ती म्हणाली. तिचा चेहरा असा काही उजळला की मीच मनात म्हटलं, राहू दे आता. मशीन चालतंय, झालं गेलं संपलं. कुणाला कळणार आहे? त्यानं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"आई," तो म्हणाला, "मी दुरुस्तीला नव्हतं नेलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. टेम्पो, पडलेलं मशीन, जळलेली फुलं, मोकळा चौथरा. आई पितळेच्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"मागितलं असतंस ना, तर दिलं असतं," ती शेवटी म्हणाली. "मी काय शिवणार आहे आता? हसत दिलं असतं रे."

तो लहान मुलासारखा रडला. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. लोखंडी बाईच्या बोटांना हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हात माझेच केलेस." मग ताठ उभी राहिली. "पण मशीन आता मी घरी नेणार."

"हो, आई."

महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी निवड झाली ती घोड्याची. त्याची आईही तोवर थांबली होती. तो टाळ्या वाजवत होता, मी बघत होते.

संध्याकाळी बसथांब्यावर मी त्यांना सोडायला गेले. आई खिडकीशी बसली, मशीन मांडीवर. तो खालीच उभा राहिला, माझ्यासमोर, बूट चिखलात.

"मला तुम्ही... मला तू खूप आवडतेस," तो म्हणाला. "तू बोललीस त्या दिवसापासून तर जास्तच. मला परत यायचंय. पण आता विचारल्याशिवाय काही करणार नाही. येऊ का?"

एरवी चार माणसांना पुरेल एवढं बोलते मी, पण तेव्हा बसच्या चाकावरचा चिखल बघत राहिले.

"नाही म्हणालीस तरी चालेल," तो हळूच म्हणाला. "मग नाही येणार..."

"अगं पोरी, हो तरी म्हण नाहीतर नाही तरी म्हण!" आई खिडकीतून ओरडली. "बस सुटेल!"

"हो," मी म्हटलं. "ये."

त्याला आणखी काहीतरी विचारायचं होतं. शब्द जुळवत तो माझ्या हाताकडे बघत होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. माझ्याच्यानं काही थांबवेना... मीच त्याचा हात धरला, न विचारता.